बरणीभर फेस

गायींना रविवार नसतो, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलंही असेल. पण तेव्हा मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतली केमिकल कंपनीची नोकरी नुकतीच सोडली होती, आणि नोकरी सोडलेला माणूस पहिलं वर्षभर कोणाचंच ऐकत नाही. पाळ्या संपल्या, असं मी घरी थाटात जाहीर केलं. नंतर आम्ही गायी वाढवल्या आणि मला दोन पाळ्या जन्माच्या लागल्या, पहाटेची आणि संध्याकाळची. बदली नाही, रजा नाही, आणि आपल्या जागी उभा राहणारा दुसरा माणूसही नाही. तोंडाला फेस येणं म्हणजे काय ते मला त्या गोठ्यात कळलं. आधी माझ्या तोंडाला आला, मग दुधाला.

गायी खरं तर बायकोच्या. महाडहून पोलादपूरकडे जाताना हायवेपासून थोडं आत आमचं घर. मी पाळ्या करत होतो त्या सगळ्या वर्षांत तिने एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा गायी केल्या आणि सगळ्यांचं दूध स्वतः हाताने काढलं. दोन हजार सालाच्या आसपास तिच्या मनगटांनी बोलायला सुरुवात केली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एका सकाळी चहाचं भांडं उचललं आणि ते तिच्या हातातून सुटलं, गॅसवरून थेट माझ्या पायाशी. महाडच्या डॉक्टरांनी मनगट दाबून विचारलं, "काम काय करता?"

ती म्हणाली, "काही नाही. घरीच असते."

"सहा गायींचं दूध काढते," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सहा गायी मीच तिच्या मनगटाला बांधल्यात. म्हणाले, "पिळायचं काम बंद. कपडे पिळायचे नाहीत, दूध काढायचं नाही. नाहीतर हात जातील."

आता तुम्ही विचाराल, की मग मी का नाही काढलं. काढून पाहिलं. मी खाली बसलो की गाय पान्हा चोरायची. मान वळवून बघायची, कोण आलंय, आणि दूध वर ओढून घ्यायची. बायको नुसती शेजारी येऊन उभी राहिली तरी धार सुटायची. एकदा तिची साडी खांद्यावर टाकून बसलो. गाय फसली नाही, आणि पाहुणे नेमके त्याच वेळी आले.

म्हणून यंत्र आणलं. वरंध घाटातून टेंपोने उतरून आलं. विक्रेत्याच्या कागदावर यंत्र बसवायच्या जागेला 'दोहनगृह' म्हटलं होतं. बायको गोठाच म्हणायची. गावाने तिसरंच नाव ठेवलं, 'कंपनी'. संध्याकाळी रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं, "काय, कंपनी सुटली का?"

यंत्र तसं साधं होतं. गायीच्या चार सडांना चार कप लावायचे. चारही कपांच्या नळ्या खाली एका पंज्यात एकत्र यायच्या. कोपऱ्यातला पंप हवा ओढायचा, त्या ओढीने दूध पंज्यातून भिंतीवरच्या पाइपमध्ये चढायचं आणि पाइपच्या टोकाला असलेल्या मोठ्या काचेच्या बरणीत पडायचं. बरणीतून कॅनमध्ये. पिळायचं काहीच नाही. बायको कप लावायची ते दोन बोटांनी, बांगडी भरावी तितक्या हलक्या हाताने. पहिले काही महिने बरणीत दूध असं गुपचूप वर यायचं, की मी त्याच्याकडे बघत उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचो.

मग खंडेनवमी आली.

कंपनीत खंडेनवमीला पंपांना हार घालायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. त्यामुळे घरच्या यंत्राची पूजाही दणक्यात व्हायला हवी होती. पंपाला हळदकुंकू, बरणीवर स्वस्तिक, समोर नारळ, आणि पंज्यांवरून झेंडूचा जाड हार. नारळ फोडून मागे वळतो तर शेवटच्या दाव्याची गाय शांतपणे हार खात होती. यंत्राची पूजा तिने स्वतःची समजली. मी दुसरा हार आणला आणि तिच्या तोंडाला लागणार नाही असा उंच, भिंतीवरच्या पाइपला बांधला. दोरा तुटेल म्हणून बांधायला तार घेतली, आणि कंपनीतल्या सवयीने पक्कडीने पीळ दिला, आणखी एक पीळ, आणि वर आणखी एक. हलता कामा नये. तो हललाच नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला, पण ते मला पुढे कळायचं होतं.

रीतीप्रमाणे तो हार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरवून सावित्रीत सोडायला हवा होता. निर्माल्य ते, उकिरड्यावर टाकता येत नाही. बायको रोज म्हणायची, "अहो, हार उतरवा." मी रोज म्हणायचो, "उद्या जातो नदीवर." सकाळचं दूध, मग वैरण, शेण, कॅन धुणं, दुपारी जरा पाठ टेकली की पुन्हा संध्याकाळचं दूध. नदी फार लांब नव्हती. माझ्यात तेवढंही जाण्याचं त्राण नव्हतं. झेंडू वाळत गेला, तपकिरी झाला, आणि काही दिवसांनी तो भिंतीचाच भाग झाल्यासारखा दिसेनासा झाला.

त्याच दिवसांत बरणीत फेस येऊ लागला.

पहिल्या दिवशी मी खूश झालो. हाताने दूध काढणाऱ्यांच्या गावात बादलीवरचा फेस म्हणजे शाबासकी. जितका फेस जास्त, तितका काढणाऱ्याचा हात चांगला. मी बायकोला हाक मारून दाखवलं, "बघ, यंत्राचा हात कसा बसलाय!" चार दिवसांनी फेस बरणीच्या गळ्याशी आला. मग झाकणाला टेकला, वरच्या नळीतून पंपात शिरला आणि पंप म्हाताऱ्यासारखा खोकायला लागला. खाली दूध किती आणि वर फेस किती, काही कळेना. कॅन भरलाय म्हणून न्यावा, तर दूध घालायला हायवेच्या फाट्यावर पोचेपर्यंत आतला फेस बराच खाली बसलेला.

फाट्यावर दूध गोळा करणारा गृहस्थ आमच्याच बाजूचा. त्याने झाकण उघडलं आणि आत डोकावून रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, हे दूध हाय का दाढीचा साबण?"

रांग हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला उभं केलं. "फेस बसू दे. तवर बाकीच्यांचं घेतो." मी कॅनशेजारी उभा, आणि माझ्यामागून आलेले लोक दूध घालून निघून चाललेले. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कंपनीतला माणूस हाय तो. तिकडं साबणाचं पीठ पोत्यानं मिळतं." दुधाचा कस तपासायची काचेची नळी बुडवली की आकडा बरोबर यायचा. पण फेस डोळ्यांना दिसत होता, आणि लोकांचा आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास.

आठवड्याभरात गोळा करणाऱ्याने मला जरा लांब नेलं. या वेळी तो हसत नव्हता.

"मशीनचं दूध नको आता. हातानं काढलेलं आणा, मी डोळे मिटून घेतो. दिवाळी आली. मिठाईवाले माझ्याकडनं नेतात. माझं नाव गेलं तर मी काय करू?"

"दुधात काही नाही रे. शपथ घेऊ का?"

"मला ठावं हाय, नाय ते. पन मी किती जणांना सांगू? चार दिस बघतो. नायतर हाताचं आणा."

हाताचं म्हणजे कोणाच्या हाताचं, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी घरी आलो आणि बायकोला फक्त एवढंच सांगितलं, की जरा तपासणी चालू आहे.

पण घाबरायचं कारण नव्हतं, असं मला वाटत होतं. कारण फेस हा तर माझा विषय! कंपनीतल्या टाकीत रसायन फेसाळून वर आलं की मीच धावायचो. उपाय ठरलेला, फेस मोडणारं तेल, दोन थेंब. टाकी ताबडतोब गप्प. घरी ते तेल नव्हतं, खोबरेल होतं. संध्याकाळी मी बरणीच्या गळ्याला आतून खोबरेलाचं बोट फिरवलं. फेस खरोखर जरा बसला. मी पंप बंद करून विजयी चेहऱ्याने बायकोला बोलावलं.

तिने बरणीवर वाकून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही दुधात काहीतरी घालता, असं लोक बोलतात ना? मला शेजारणीने सांगितलं. आजपर्यंत ते खोटं होतं."

ते सगळं दूध वासरांना पाजलं. वासरं ते आवडीने प्यायली. बरणी मी तीन वेळा गरम पाण्याने धुतली, आणि प्रत्येक वेळी ती आतल्या खोलीतून म्हणत होती, "अजून वास येतोय."

दुसऱ्या दिवशी मी पंजा उघडून बसलो. हवा आत शिरल्याशिवाय फेस होत नाही, इतकं मला कळत होतं. म्हणजे कुठेतरी गळती आहे. आणि ती मला सापडलीही! प्रत्येक पंज्याच्या डोक्यावर सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. प्रत्येक पंज्याला, नेमकं त्याच जागी. सगळ्या पंज्यांना एकाच जागी भोक कसं पडेल, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मला पडला नाही. मी मनात कारखानदाराला शिव्या दिल्या आणि सगळी भोकं, सुतार फटींना भरतात ती लांबी भरून, पक्की बुजवली.

पहाटे कप लावले. दूध पंज्यातच तुंबलं. वर चढेना, खाली जाईना, नळ्यांत नुसतं मागेपुढे डुचमळत राहिलं. सडांना ओढ बसली तशी पहिल्या गायीने लाथ मारून कप उडवले. दुसरीने तिचं बघून उडवले. शेवटच्या दाव्याच्या गायीने मला मारलं. पंप बंद केला तेव्हा मी शेणात बसलेलो होतो आणि सहाही गायी भरल्या कासेने हंबरत होत्या. दूध काढल्याशिवाय सोडता येत नाही, कास दुखते, गाय आजारी पडते. लांबी वाळून दगड झालेली. मी बादली घेतली. गायीने मान वळवली, मला ओळखलं आणि पान्हा चोरला.

"सरका," बायको म्हणाली.

"तू नको. डॉक्टरांनी..."

"सरका म्हनते ना! डॉक्टर येनार हाय का काढायला? नाय ना?" रागावली की तिच्या माहेरची, पोलादपूरच्या वरच्या वाडीची भाषा बाहेर यायची.

तिने सहाही गायी काढल्या. मधेच हात झाडायची, मांडीवर घासायची, पुन्हा बसायची. मी नुसता बादल्या उचलत होतो. फाट्यावर त्या दिवशी गोळा करणाऱ्याने डोळे मिटून दूध घेतलं. "असं आणा रोज," म्हणाला. घरी आलो तर ती जेवायला बसली होती, आणि भाकरीचा तुकडा तिला मोडता येत नव्हता. दोन्ही हातांनी धरून ती तो दाताने तोडत होती. मी आत आलेला बघितल्यावर तिने हात खाली घेतले.

मी तसाच महाडला गेलो आणि बूथवरून यंत्राच्या मेकॅनिकला फोन लावला. तो घाटावरचा, दिवाळीनंतरच येणार होता. सगळी हकिकत ऐकून तो फोनमध्येच ओरडला, "भोकं बुजवली? अहो, ते नाक आहे त्याचं! तिथून जरा हवा आत येते म्हणून दूध पुढे सरकतं. उघडा आधी!"

"नाक बुजवलं मी," मी म्हणालो. बूथबाहेर थांबलेल्या दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"हवा दुसरीकडून शिरतेय. पाइपच्या जोडांना रबर आहे ना, एकेक जोड कान लावून ऐका. सुस्कारा ऐकू येईल. नाहीतर उदबत्ती फिरवा. धूर जिकडे ओढला जाईल, तिथे गळती."

सुईने लांबी कोरून नाकं मोकळी करण्यात दुपार गेली. संध्याकाळी कप लावले, आणि मी स्टुलावर चढून पाइपला कान लावत निघालो. पंपाच्या घरघरीत सुस्कारा कसला ऐकू येणार! सगळे जोड ऐकले. एक सोडून. त्या जोडावर हार होता, आणि देवाच्या हाराला कान लावणं मला बरं दिसेना. मग उदबत्ती घेतली. एकेका जोडाखाली धरत गेलो. धूर सरळ वर जात होता. हारापाशी आलो आणि धूर वाकला. एकदम, ओढल्यासारखा, झेंडूच्या आत शिरला.

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय करेल? मी उदबत्ती हारातच खोचली आणि हात जोडले. खरं सांगतो, मला भरून आलं. इतक्या दिवसांच्या दमणुकीनंतर कोणीतरी आपलं ऐकतंय असं वाटलं. बरणी तेव्हा झाकणापर्यंत फेसाने भरलेली होती. तो भाग मी बघितला नाही.

"मिळाली का गळती?" बायकोने विचारलं.

"नाही. पण मिळेल. बरं लक्षण दिसलंय."

ती गरम पाण्याच्या पातेल्यात मनगटं बुडवून बसली. दोघांनाही माहीत होतं, की चार दिवस संपत आलेत. फाट्यावर मशीनचं दूध गेलं नाही तर उद्यापासून पुन्हा तीच बसणार. मी गायी विकायचं बोललो. तेव्हा ती म्हणाली, "हात दुखतात म्हणून गायी विकायच्या, मग पाय दुखले की काय विकाल?" आणि उठून कॅन झाकायला गेली.

सकाळी मी शेण काढत होतो. ती बरणीतलं दूध कॅनमध्ये ओतत होती. कॅनच्या तोंडावर गाळायचं फडकं बांधलेलं असायचं. तिने मला हाक मारली आणि फडकं पुढे धरलं. त्याच्यावर, पांढऱ्या फेसात, झेंडूची एक चुरगळलेली वाळकी पाकळी होती.

"हे दुधात कुठून आलं?"

"उडून पडलं असेल. वारा..."

"बरणीला झाकण आहे. पाइप बंद आहे. कपातून येणार का? गायीने झेंडू खाल्ला म्हणून सडातून झेंडू येतो?"

शेवटच्या दाव्याच्या गायीचा इतिहास पाहता मी क्षणभर त्याचाही विचार केला. मग मला कालचा धूर आठवला. कसा वाकला, कसा आत शिरला. मी हातातलं फावडं खाली टाकलं, स्टुलावर चढलो आणि हार बाजूला केला.

तार रबरात पुरती रुतली होती. मीच दिलेले पीळ, पक्कडीने, कंपनीच्या सवयीने. कंपनीतले पंप लोखंडाचे होते, त्यांना काही होत नव्हतं. इथे त्या तारेने रबर हळूहळू कापत नेलं होतं, आणि पंपाच्या प्रत्येक ओढीबरोबर ती चीर तोंड उघडत होती, मिटत होती. त्या तोंडातून हवा आत जात होती, आणि आता झेंडूसुद्धा. इतके दिवस मी सगळा गोठा पालथा घातला आणि प्रत्येक वेळी त्या जागेवरून नमस्कार करून पुढे गेलो.

स्टुलावरून मी खाली बघितलं. बायको वर बघत होती. मला वाटलं, आता माहेरची भाषा ऐकायला मिळणार. ती नुसती म्हणाली, "मी रोज सांगत होते, हार उतरवा."

यंत्राबरोबर आलेल्या सामानात एक जास्तीचं रबर होतं. ते बसवलं. वाळका हार पिशवीत घालून मी खुंटीला अडकवला, यावेळी नदीवर नक्की जायचं ठरवून. तार तेवढी आधीच खिशात घातली. संध्याकाळी पंप सुरू केला. दूध पाइपमधून आलं, बरणीत उतरलं आणि काचेला कड धरून वर चढत राहिलं. वर बोटभर फेस, बस्स. पंप खोकला नाही. दोघंही पाय न वाजवता वावरलो, आवाज झाला तर ते बिघडेल अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गोळा करणाऱ्याने झाकण उघडलं, वाकून बघितलं, ढवळून बघितलं, पुन्हा बघितलं.

"हाताचं हाय?"

"मशीनचं."

"साबण संपला वाटतं."

"संपला."

त्याने दूध घेतलं आणि रांगेकडे बघत मोठ्याने म्हणाला, "साहेबांचं झालं हां! पुढचा या." मला बाजूला उभं केलं नाही. घरी येताना मला झोप येत होती, बाकी काही वाटत नव्हतं. इतक्या दमलेल्या माणसाला आनंदही उद्याच्या हवाली करावा लागतो.

संध्याकाळी बायकोने दोन बोटांनी कप लावले आणि शेवटच्या गायीशेजारी बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मांडीवर हात उलटे ठेवलेले. दूध काढायच्या वेळेला तिला असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय. बसलेय." मग खुंटीकडे बघून म्हणाली, "पिशवी कुठाय?"

पिशवी खाली पडली होती. शेवटच्या दाव्याची गाय निर्माल्य संपवून जिभेने नाक पुसत होती.

"नदीवर जायचं वाचलं तुमचं," बायको म्हणाली. उठली मात्र नाही. तशीच बसून राहिली, बरणी भरेपर्यंत.